तिसऱ्या मजल्यावरचे संतांचे दिवस

बाबांच्या काळ्या बिनबाह्यांच्या स्वेटरवर मला पहिल्यांदा केस दिसले ते जानेवारीत. पांढरे, आखूड, टोकाशी जरा पिवळट. मी स्वेटर गॅलरीत नेला आणि उजेडात धरला. आमच्या घरात कुत्रं नाही, मांजर नाही. बाबांच्या डोक्यावर तर केसच उरलेले नाहीत.

"बाबा, आज कुठं गेला होतात?"

"वाचनालयात."

"आज वाचनालय बंद असतं."

बाबा चहा ढवळत होते, ते ढवळतच राहिले. "मग बागंत बसलो आसन," असं म्हणून त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

आम्ही दोघंच राहतो, सावेडीत, चार मजली इमारतीच्या पहिल्या मजल्यावर. बाबा पाथर्डीकडचे. तरणे असताना नगरच्या एमआयडीसीत फिटर म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. आईला जाऊन चार वर्षं झाली. मी सुप्याच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. सकाळी सातला कंपनीची बस येते, संध्याकाळी सहाला परत सोडते. मशीनवरून उतरलेला पार्ट गेजमध्ये घालायचा, जरा कुठं अडला किंवा जास्तच सहज गेला की बाजूला ठेवायचा, हे माझं काम. मला शंका घेण्याचाच पगार मिळतो म्हणा ना.

पण सवय तिथली नाही. लग्नानंतर अकरा वर्षांनी मला कळलं की नवऱ्याचं दुसरं घर नगरमध्येच आहे, आणि माझी बस रोज त्याच रस्त्यानं जाते. त्या अकरा वर्षांत मला काही म्हणजे काही दिसलं नव्हतं. फारकत झाली, मी आईबाबांकडे आले आणि तेव्हापासून मी सगळं बघायला लागले. बिलं, चपलांना लागलेली माती, फोन घेताना माणूस कुठल्या खोलीत जातो ते.

म्हणून ते केस मी कागदाच्या पुडीत बांधून ठेवले. आज लिहिताना लाज वाटते, पण ठेवले.

मांजरं कुणाकडे आहेत हे शोधायला वेळ लागला नाही. तिसऱ्या मजल्यावर वर्षभरापूर्वी एक बाई राहायला आल्या होत्या. साठीच्या, उंच, पांढऱ्या केसांचा बॉयकट. मूळच्या नगरच्याच, इथल्या ख्रिस्ती कुटुंबातल्या. नर्सिंग करून आयर्लंडला गेल्या आणि वीस वर्षं तिथल्या वृद्धाश्रमात काम करून परत आल्या. लग्न केलेलं नव्हतं. इमारतीत सगळे त्यांना सिस्टर म्हणायचे. त्यांच्याकडे दोन मांजरं होती, एक पांढरी भुरकट मांजरी आणि एक काळा बोका. आणि अधूनमधून त्यांच्या घरातून गाणी ऐकू यायची. व्हायोलिनसारखं काहीतरी, एक बारीक बासरी, खाली डफाचे ठोके. सूर भराभर गोल फिरायचे, आता थांबतील म्हणावं तर पुन्हा पहिल्यापासून सुरू.

एका सकाळी बाबा दाढी करता करता तोच सूर शिट्टीवर वाजवत होते. मी स्वयंपाकघरात पोळी लाटत होते, ती अर्धी तशीच राहिली. आई गेल्यापासून बाबांनी साधं गुणगुणलेलं मी ऐकलं नव्हतं. बरं वाटायला हवं होतं. मला वाटलं, चार वर्षं ज्या माणसाच्या तोंडातून सूर निघाला नाही, त्याला हा कुणी शिकवला?

मग कॅलेंडर. भिंतीवरच्या कॅलेंडरवर काही तारखांपाशी हिरव्या पेनानं बारीक ठिपके दिले होते. आमच्या घरात हिरवं पेन नाही. काही ठिपके मला लगेच उलगडले. पौष वद्य एकादशी, फाल्गुनातली बीज, आपल्याच संतांच्या तिथी, बाबा आयुष्यभर पाळत आले त्या. पण एक फेब्रुवारी? सतरा मार्च? मी कॅन्टीनमध्ये जेवताना मोबाईलवर शोधलं. एक फेब्रुवारी हा आयर्लंडच्या एका स्त्रीसंताचा दिवस होता, गाईदुधाची काळजी घेणारी म्हणे. सतरा मार्च तर तिथला सर्वांत मोठा सण, त्यांच्या थोर संताचा.

त्यानंतर मोबाईल मला न विचारता नाही नाही ते दाखवायला लागला. एकट्या म्हाताऱ्यांना कसं गोड बोलून धर्मातून बाहेर नेतात, कशा त्यांच्या सह्या घेतात. मी व्हिडिओ उघडायची, अर्ध्यात बंद करायची आणि पुढचा उघडायची.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या दिवशी बाबांचे धुतलेले कपडे कपाटात ठेवताना टोपीखाली एक वस्तू सापडली. शिंदीच्या पात्यांची विणलेली, मधे चौकोन आणि चारी बाजूंना चार हात, टोकं दोऱ्यानं घट्ट बांधलेली. विणकर कोण ते विचारायची गरजच नव्हती. लहानपणी बाबा मला अशाच पात्यांचे खुळखुळे करून द्यायचे. पण हा खुळखुळा नव्हता, हा क्रूस होता.

मी ती होती तशी टोपीखाली ठेवली आणि बाबांना काही विचारलं नाही. विचारलं की माणूस सावध होतो, हे मी एका लग्नात शिकले होते.

त्याच आठवड्यात गावाहून चुलत्यांचा फोन आला. मी त्यांना काही सांगायला नको होतं, पण सांगून बसले. चुलते म्हणाले, "बाटवत्यान त्याला. येडा हाय तुझा बाप, कुनी ग्वाड बोललं का गेला त्याच्या मागं. आन त्या बाईला कुनी हाय का मागं-पुढं? फ्लॅट कुनाच्या नावाव हाय तुमचा?"

"बाबांच्या."

"मंग बस तू गेजं मोजत."

त्यांचा संशय ऐकताना मला किळस आली. फोन ठेवल्यावर मात्र तो माझाच होऊन बसला.

मी संध्याकाळी उगाच जिना चढून तिसऱ्या मजल्यावर जायला लागले. सिस्टरच्या दाराशी थांबायचं, कान द्यायचे, गच्चीवर कपडे आणायला निघाल्यासारखं करून परत यायचं. आतून कधी भांड्यांचा आवाज, कधी मांजराचं ओरडणं. बाबांचा आवाज कधीच नाही, कारण मी घरी असायची तेव्हा बाबा खालीच असायचे. हे सगळं माझ्या बसच्या वेळा बघून चाललं होतं.

मार्चच्या सुरुवातीला मी कारखान्यातल्या कॉम्प्युटरवर एक अर्ज टाईप केला. 'तिसऱ्या मजल्यावरील रहिवासी विनापरवानगी मांजरे पाळत असून सदर प्राण्यांमुळे जिन्यात सतत दुर्गंधी येते व लहान मुलांच्या आरोग्यास धोका आहे.' खाली सही केली नाही. तो सोसायटीच्या सेक्रेटरींच्या पेटीत टाकला. जिन्यात कधीही वास येत नव्हता. मांजरं गेली की बाई जाईल, बाई गेली की बाबा घरात राहतील, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

बीज रविवारी आली. मी घरी होते. बाबांनी दुपारी देवाला फुलं वाहिली, थोडा वेळ पोथी वाचली आणि पडून राहिले. मी सारखी त्यांच्याकडे बघत होते. कॅलेंडरवर दुसऱ्याच दिवशी सतरा मार्च होता.

सोमवारी मी दुपारी अर्धी रजा टाकली. डोकं दुखतंय असं सांगून निघाले आणि सुप्याच्या फाट्यावरून एसटी धरली. घराला कुलूप होतं. मी चप्पल हातात घेतली आणि जिना चढले.

गाणं जिन्यातच ऐकू आलं. तीच बासरी, तोच गोल फिरणारा सूर. पण आज त्याच्यात आणखी काहीतरी होतं आणि ते ओळखायला मला एक पायरीसुद्धा लागली नाही. टाळ. आमच्या घरातले, बाबांचे पितळी टाळ. ते आईच्या ट्रंकेत आहेत असं मी चार वर्षं समजत होते.

मी बेल वाजवली. टाळ थांबले, बासरी चालूच राहिली. दार सिस्टरनी उघडलं. अंगावर हिरवी साडी. माझ्या हातातल्या चपलांकडे त्यांनी पाहिलं.

"या ताई," त्या म्हणाल्या, जसं काही मी येणारच होते.

बाबा सतरंजीवर मांडी घालून बसले होते. समोर मांजरी बसली होती, गळ्यात हिरवी फीत. बोका खिडकीत होता, त्यानं स्वतःची फीत दातानं अर्धी सोडवली होती. जमिनीवर दोन वाट्यांत दूध, बशीत शिरा. भिंतीवर शिंदीच्या पात्यांची तसलीच विणलेली वस्तू लटकत होती. टेबलावर छोटा स्पीकर. बस. खोलीत तिसरं माणूस नाही, कागद नाहीत, पेन नाही. मी खरंच टेबलावर पेन शोधलं.

"काय चाललंय हे?" मी विचारलं.

"संतांचा दिवस," सिस्टर म्हणाल्या. "आमच्या मोठ्या संताचा. आणि आज एका स्त्रीसंताचाही असतो. तिला मांजरांची राखणदार मानतात. म्हणून यांची पण चैन."

"आन कालची बीज बी आजच केली," बाबा म्हणाले. ते माझ्याकडे बघत नव्हते. "काल तुझी सुट्टी हुती. जमलं न्हाई."

हे त्यांनी अगदी साधेपणानं सांगितलं. मी चपला दाराशी ठेवल्या आणि बसले.

"घरी नसती का करता आली? घरी टाळ वाजवले असते तर मी नको म्हटलं असतं?"

बाबांनी आता वर बघितलं. "तूच म्हनली व्हतीस."

"मी?"

"तुझी आई गेली, भजनाची मंडळी तेरा दिस यीत हुती. चौदाव्या दिवशी मी टाळ हातात घेतलं. तू म्हनलीस, बाबा, ते टाळ आता घरात नको. मला सहन हुत न्हाई."

मला आठवलं. मी ते त्या दिवसापुरतं म्हटलं होतं, फार तर आठवड्यापुरतं. बाबांनी कायमचं धरलं. आणि मी चार वर्षं घरात बसून त्या शांततेचा अर्थ लावत होते, की आई गेल्यावर बाबांचं मनच उडालं.

"मला विचारायचं तरी," मी म्हणाले.

"तुला काय इचारायचं म्हंजी भ्या वाटतं, पोरी. एक इचारलं का तू धा इचारतीस."

सिस्टरनी स्पीकर बंद केला नव्हता. गाणं बदललं, आता एका म्हाताऱ्या बाईचा आवाज वाद्यांशिवाय गात होता, थकलेला, पण सुराला पक्का. सिस्टर म्हणाल्या की हे सगळं त्यांनी मोबाईलवर रेकॉर्ड केलेलं आहे, वृद्धाश्रमात. तिथं संतांच्या दिवशी म्हातारी माणसं आपापली वाद्यं काढायची. ही बाई शाळेत शिकवायची. शेवटी तिला मुलांची नावं आठवत नव्हती, गाण्याचा एक शब्द मात्र चुकत नव्हता. तिच्या खोलीत आश्रमाचं मांजर झोपायचं. बासरीवाला, डफवाला, आता यातलं कुणीच नाही.

"तुमचे बाबा एकदा माझं चुकून खाली आलेलं लाईटबिल द्यायला वर आले," सिस्टर म्हणाल्या, "तेव्हा हे लागलेलं होतं. दारातच उभे राहिले. म्हणाले, ह्याला टाळ पायजे."

"आधी घावतच नव्हतं," बाबा म्हणाले. बोलता बोलता त्यांचा चेहरा उजळला. "आपलं भजन चार-चारानं चालतं. हे तीन-तीनचं हाय. पयल्यावर टाळ टाकला का मंग बसतं. पन लई पळतं."

मग मी विचारलंच. "आणि तो क्रूस? कपाटातला?"

"मी करायला शिकवला," सिस्टर म्हणाल्या. "एक फेब्रुवारीला दारावर लावतात, गाईगुरं आणि घर सुखी राहावं म्हणून. तुमच्या बाबांनी दोन विणले. माझ्यापेक्षा सुबक." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "ताई, मी माझं जन्मापासून पाळते, बाबा त्यांचं पाळतात. मांजरांना दोन्हीकडचं दूध चालतं."

बाबा हसले. मला हसू आलं नाही, कारण तेवढ्यात सिस्टर उठल्या आणि फ्रिजवर ठेवलेलं एक पाकीट घेऊन आल्या.

"या वर्षी शेवटचंच असेल पण बहुतेक. सोसायटीची नोटीस आली आहे. कुणीतरी तक्रार केली, दुर्गंधी येते म्हणून."

"कुना हलकटानं लिवलं कुनास ठाऊक," बाबा म्हणाले.

सिस्टर माझ्याकडे बघत होत्या. मी नोटीस वाचल्यासारखं केलं. शब्द माझेच होते, फक्त वर सोसायटीचा शिक्का होता. शिरा दिला तो खाल्ला. बाबांच्या आधी खाली आले.

पुढचे सहा दिवस वाईट गेले. आता मी बाबांवर नाही, बाबांना काही कळलंय का यावर नजर ठेवून होते. ते जेवताना गप्प बसले की वाटायचं, कळलं. हसले की वाटायचं, परीक्षा घेतायत. सिस्टर जिन्यात भेटल्या तर नेहमीसारखं "काय ताई" म्हणायच्या आणि त्या दोन शब्दांत काय आहे ते मी रात्रभर उकलायची.

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये मीटिंग होती. प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या. सेक्रेटरींनी माझा अर्ज मोठ्यानं वाचला. मग लोक बोलायला लागले आणि मला धडकी भरली. कुणाला जिन्यात केस दिसले होते, कुणाला दुपारी झोप लागत नव्हती. चौथ्या मजल्यावरचे एक गृहस्थ म्हणाले, "मांजरांचं सोडा. तिथं काय काय सण चालतात ते विचारा. आपल्यातल्या म्हाताऱ्या माणसांना वर बोलावतात. हेतू काय?"

हे माझेच शब्द होते. मी ते इमारतीत कुणाजवळ बोलले नव्हते, तरी पार्किंगमध्ये दुसऱ्याच्या तोंडून ऐकत होते, आणि ते फार घाण वाटत होते. सिस्टर पहिल्या रांगेत हात मांडीवर ठेवून ताठ बसल्या होत्या. बाबा खुर्चीच्या दांड्याला धरून उठायला लागले.

ते काही बोलायच्या आत मी उभी राहिले. "पत्र मी लिहिलं."

सेक्रेटरींनी चष्मा काढला. "तुम्ही?"

"हो. आणि वास वगैरे काही येत नाही. ते मी खोटं लिहिलं. बाबा वर जातात ते मला आवडत नव्हतं. ते मला न सांगता जायचे, म्हणून. बाकी कारण नाही. पत्र मी मागे घेते."

बाबा पुन्हा खाली बसले. माझ्याकडे त्यांनी पाहिलंच नाही. चौथ्या मजल्यावरचे गृहस्थ म्हणाले की पत्र मागे घेतलं म्हणून प्रश्न मिटत नाही. बरीच वादावादी झाली. शेवटी मांजरं घरातच ठेवायची आणि गॅलरीला जाळी लावायची असं ठरलं. सिस्टर फक्त "लावते" एवढंच म्हणाल्या.

बाबा माझ्याशी अकरा दिवस बोलले नाहीत. मी डबा भरून ठेवायची, ते खायचे, डबा घासून ठेवायचे. आणि माझ्या देखत, मी सोफ्यावर बसलेली असताना, चपला घालून वर जायचे. 'वर चाललो' असंही म्हणायचे नाहीत.

सिस्टरनी मला एकदाच गाठलं. मी भाजी घेऊन चढत होते, त्या उतरत होत्या.

"मला आधीच माहीत होतं," त्या म्हणाल्या.

"कसं?"

"दाराला बघायचं भिंग आहे, ताई. तुम्ही बाहेर उभ्या असायचात तेव्हा मी आत उभी असायची." त्यांच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता. "वीस वर्षं तिथं माझं कार्ड तपासायचे, पिशवी तपासायचे, इंग्रजी तपासायचे. म्हटलं, नगरला जाऊ. तिथं कुणी तपासणार नाही."

मी माफी मागितली. त्यांनी मान हलवली आणि उतरून गेल्या. माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत.

बाबा हळूहळू बोलायला लागले, आधी भाजीत मीठ कमी आहे इथपासून. आषाढात मी त्यांना म्हटलं, टाळ खाली आणा, घरी वाजवा. ते म्हणाले, बघू. आणले नाहीत. एकदा मला शंका आली की मला शिक्षा म्हणून आणत नसतील. मग वाटलं, वरच ताल जास्त जमत असेल. दोन्ही असेल. ते मी विचारलं नाही, आणि न विचारणं मला अजूनही जड जातं हेही खरं.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला, दसरा नुकताच झाला होता, बाबा म्हणाले, "शनिवारी वर ये. सगळ्या जनावरांच्या संताचा दिस हाय. सिस्टर म्हनल्या."

"त्या म्हणाल्या का तुम्ही म्हणताय?"

"आता हेच्यात बी?" बाबा म्हणाले आणि मार्चनंतर पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसले.

मी गेले. गॅलरीला बारीक हिरवी जाळी लागली होती. मी दाराजवळच बसले, भिंतीला टेकून. मांजरीनं माझे पाय हुंगले आणि ती बाबांच्या मांडीवर जाऊन बसली, त्यामुळे टाळ वाजवताना बाबांना हात उंच धरावे लागत होते. बासरी पळत होती, बाबा तिला पहिल्या ठोक्यावर गाठत होते. एक-दोनदा चुकले. सिस्टर डोळे मिटून ऐकत होत्या.

गाणं संपल्यावर सिस्टरनी दुधाची वाटी माझ्या हातात दिली. "बोक्याला तुम्ही ठेवा."

मी वाटी खिडकीखाली ठेवली. बोका खाली उतरला, पण वाटीपाशी आला नाही. चार हातांच्या अंतरावर बसून माझ्याकडे बघत राहिला.

"पिईल," सिस्टर म्हणाल्या. "जरा लांब बसा."

मी सरकून बसले.